चौसाळ्याच्या वाटेवरची बाई

१

चौकट फरशीवर होती. भिंतीला टेकवून, तोंड भिंतीकडे करून ठेवलेली. शेजारी तिची काच, तीही तशीच टेकवलेली. चित्र तेवढं नव्हतं.

उत्तरेश्वरचा फोन आला तेव्हा मी टँकरचं पाणी गाळत होते. त्या उन्हाळ्यात बीडमध्ये सगळ्यांच्याच सकाळी पाण्यामागे जात. उत्तरेश्वर एके काळी माझ्या वर्गात होता. रसायनशास्त्रात त्याचं मन लागलं नाही, तो चित्रकला शिकायला निघून गेला. पण वडिलांच्या, मोहनरावांच्या, चित्रदालनात एखाद्या चित्राचा रंग तडकला किंवा कॅनव्हासला बुरशी आली की तो मला बोलावत असे.

"मॅडम, 'चौसाळ्याच्या वाटेवरची बाई' चोरीला गेली," तो म्हणाला. "आणि काचेवर रक्त आहे."

मी पोहोचले तेव्हा त्याची बायको सरस्वती हातात फडकं घेऊन उभी होती. फडक्यावर तांबडा डाग होता.

"काचेवर बोटं उमटलेली होती," ती म्हणाली. "पुसून ठेवावी म्हणून साबणाच्या पाण्याचं फडकं फिरवलं, तर हे असं झालं."

दाराशी सुग्रीव उभे होते. साखर कारखान्याच्या कचेरीतले हे गृहस्थ त्याच दिवशी चित्र न्यायला आले होते. कारखान्याच्या नव्या सभागृहाच्या मधल्या भिंतीवर ते लागायचं होतं.

"रक्त म्हणल्यावर इचारायचं काय राह्यलं?" सुग्रीव म्हणाले. "कुणाचं बोट कापलंय तेवढं बघा."

सगळ्यांची नजर एकाच कोपऱ्याकडे गेली. तिथे स्टुलावर आश्रुबा बसले होते. मोहनरावांच्या काळापासून इथल्या सगळ्या चौकटी त्यांनीच केलेल्या. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

२

हे दालन कसं उभं राहिलं ते बीडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. मोहनराव सभेत, सत्कारात, शाळेच्या बक्षीस समारंभात ते स्वतःच सांगत असत.

त्यांचे वडील देवांच्या आणि गेलेल्या माणसांच्या तसबिरी मढवून विकायचे. बहात्तरच्या दुष्काळात ते दुकान बसलं. खायला नाही तिथे लक्ष्मीला काच कोण लावणार? तरुण मोहनराव चौसाळ्याच्या बाजूला सरकारी पाझर तलावाच्या कामावर गेले. तिथे खडी फोडणारी एक बाई त्यांनी पाहिली आणि पुढे आठवणीतून रंगवली. मांडीवर हातोडी, पापण्यांवर दगडाची पांढरी धूळ, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके, वर आलेली गालांची हाडं. ती सरळ बघणाऱ्याकडे बघते. मुंबईच्या प्रदर्शनात त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं आणि बीडच्या तसबीरवाल्याचा मुलगा एकदम चित्रकार झाला.

पण मोहनराव चित्रकार म्हणून फार काळ राहिले नाहीत. दुष्काळानंतर जिल्ह्यात सहकाराची धामधूम सुरू झाली होती. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था. प्रत्येक कचेरीला संस्थापकाचं तैलचित्र हवं असायचं. मोहनरावांनी आधी ती रंगवली, मग रंगवणारी माणसं जमवली, मग त्या माणसांची दुसरी, खरी चित्रं पुण्या-मुंबईला नेऊन विकायला लागले. चित्र विकण्याआधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन भिंत बघायचे. "भिंत चांगली नसेल तर चित्र तिथं सासुरवास भोगतं," असं म्हणायचे. मराठवाड्यातल्या कितीतरी चित्रकारांची चूल या एका माणसामुळे पेटत राहिली.

ते पहिलं चित्र मात्र त्यांनी कधी विकलं नाही. आतल्या खोलीत, काच लावून टांगून ठेवलं. तैलचित्राला सहसा काच लावत नाहीत. मी एकदा त्यांना तसं म्हटलंही होतं. "धूळ फार आहे हो, मॅडम," एवढंच ते म्हणाले होते.

आणि भाषणाचा शेवट त्यांचा ठरलेला असे. "त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं."

मागच्या दिवाळीत मोहनराव गेले. पुन्हा दुष्काळ होता, चित्रं घ्यायला कुणी फिरकत नव्हतं. उत्तरेश्वरने कारखान्याला होकार दिला होता.

"कुलूप तोडलेलं नाही," तो मला म्हणाला. "किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक आश्रुबाकाकांकडे, एक वर घरात, देवघराशेजारच्या खिळ्याला. चौकटीच्या चुका, ते बारीक खिळे, एकूण एक उपटून वाटीत ठेवल्यात. एकही वाकडी नाही. हे काम येणारा माणूस आमच्याकडे एकच आहे."

"आई कुठे आहेत?"

"आई पहाटे नारायणगडाला दर्शनाला गेली. गल्लीतल्या बायका निघाल्या होत्या. तिथे दोन दिवस राहणार आहे. तिला अजून यातलं काही माहीत नाही आणि कळूही नये. आश्रुबाकाकांना ती दिरासारखं मानते."

सुग्रीवनी घड्याळ पाहिलं. "संध्याकाळी मी फौजदाराला घेऊन येतो. तवर चित्र हजर झालं तर मी काय पाह्यलं न्हाई. न्हाई झालं तर अध्यक्ष त्या भिंतीवर सोताचाच फोटू लावतील. पुन्यांदा!"

कुणीच हसलं नाही. आश्रुबा खाली मान घालून बोटाची चिंधी घट्ट करत होते.

३

आधी मी छबुबाईशी बोलले. सकाळी झाडायला आल्यावर चित्र गेल्याचं तिनेच पहिल्यांदा पाहिलं होतं.

"मॅडमबाई, माझं नाव घेऊ नगा म्हंजी झालं," ती म्हणाली. "मी त्या चितराला कवाच हात लावत न्हाई. कामाला लागले त्याच दिवशी मला बजावलंय, बाकी सगळं पुस, ती काच पुसायची न्हाई."

"कुणी बजावलं?"

"घरचा नेमच हाय. मोठे मालक तर त्या चितराम्होरं उभे राह्यले तरी चपला काढायचे. आता जिती माणसं उपाशी मरायलीत आन हे चितराम्होरं चपला काढत्यात. मला तर हसू यायचं."

"आश्रुबांवर तुझा संशय आहे?"

"म्हातारा खडूस हाय. खिळा सांडला तर माझ्या नावानं बोंबलतो. पर चोरी?" तिने मान हलवली. "चोरायचं असतं तर मोठे मालक गेले तवाच चोरलं असतं की. तवा कुणाचं ध्यान होतं?"

मग मी आश्रुबांपाशी जाऊन बसले. कापलेल्या काचांचे तुकडे त्यांनी एका खोक्यात नीट रचून ठेवले होते.

"बोटाला काय झालं?"

"काच लागली. काल. नव्या फोटूची काच कापत होतो."

"सकाळी कुठे होता?"

"टँकरच्या रांगेत."

"कुणी पाहिलं?"

"सगळ्या गल्लीनं. पर रांगेतून मानूस उठून जातंच की, बाई. घागर राहती रांगेत." हे त्यांनी आपणहून सांगितलं, जणू मला तपासाला मदतच करत होते.

"चित्र कुणी नेलं असेल असं वाटतं?"

"मला न्हाई म्हाईत."

"तुम्हाला पोलीस नेतील, आश्रुबा."

"नेऊ द्या."

"चाळीस वर्षांचं नाव आहे तुमचं या पेठेत."

त्यांनी खोक्यातला एक काचेचा तुकडा सरळ केला. मग ते म्हणाले, "नाव काय, बाई. मढवून भिंतीला लावायचं हाय का ते?"

मी उठले. दाराशी पोहोचल्यावर मनात काहीतरी खटकलं. ज्या चित्राची चौकट या माणसाने पोरासारखी जपली, ते कुठे असेल, कुणी गुंडाळून नेताना मोडलं तर नसेल, यातलं एक अक्षरही त्यांनी विचारलं नव्हतं. आश्रुबा स्वतःसाठी घाबरले होते. चित्रासाठी नाही.

४

मी सरस्वतीकडे लिंबू मागितलं.

"सरबत करू का?"

"नाही, अर्धं पुरे."

तिचं फडकं मी फरशीवर पसरलं आणि तांबड्या डागावर लिंबाचे दोन थेंब पिळले. डाग बघता बघता पिवळा झाला. त्यावर पुन्हा साबणाचं पाणी टाकलं, तो पुन्हा तांबडा झाला.

"हळद," सरस्वती म्हणाली. तिने कपाळावर हात मारला. "अगबाई! रोज धुण्यात बघते मी हे. टॉवेलाला हळद लागली की साबणाने असाच तांबडा होतो."

"चोरी झाली म्हटलं की माणसाला रक्तच दिसतं," मी म्हणाले. "रक्त लिंबाने पिवळं होत नाही."

मला वाटलं, निदान आश्रुबांवरचा एक आळ गेला. पण उत्तरेश्वर बाहेरच्या खोलीत गेला आणि लगेच परत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, काकांच्या चिंधीला पिवळं लागलंय. त्यांनी जखमेवर हळदच भरलीय."

५

बाहेरच्या खोलीतून उत्तरेश्वरचं बोलणं ऐकू येत होतं. "काका, खरं सांगा. मी पोलिसांना बोलावणार नाही. चित्र आणून द्या फक्त."

मी चौकट उचलून उजेडाला नेली. हळद बोटाची असेल तर बोट जिथे टेकलं तिथे असायला हवी, कडेला, चुका उपटल्या त्या मागच्या बाजूला. मागची बाजू स्वच्छ होती. पुढून पाहिलं. खालच्या पट्टीच्या खाचेत, बरोबर मधोमध, काहीतरी साचून घट्ट झालं होतं. मी केसातली पिन काढून ते हलकेच उकरलं. वरचा थर ताजा होता, मोकळा, पिवळा. त्यात तांबडे कण होते. खाली पुन्हा पिवळा, मग तांबडा. त्याच्याही खाली सगळं चिकटून काळपट झालेलं.

मी उत्तरेश्वरला हाक मारली.

"जखमेवरची हळद तेलात कालवलेली असते. ही कोरडी आहे. आणि जखमेवर कुंकू कुणी भरत नाही. वरून पडून पडून हे थर साचलेत. काचेवर नेमक्या त्या जागी काय येत होतं?"

तो चौकटीकडे बघत राहिला. "तिचं कपाळ."

"कुणीतरी तिला हळदकुंकू लावत होतं. काचेवर. मग कुणाच्या डोळ्यांवर यायला नको म्हणून पुसून टाकत होतं. जे खाली सांडलं ते खाचेत राहिलं. ही चौकट पॉलिश कधी केली होती?"

"मी शाळेत असताना. काकांनीच केली. त्यानंतर नाही."

"पॉलिश खालच्या थरांवरून ओघळलंय. म्हणजे तू शाळेत असल्यापासून, किंवा त्याच्याही आधीपासून, हे चाललंय. तेव्हा सरस्वती या घरात नव्हती. छबुबाईही नव्हती."

"मग आई," तो म्हणाला आणि लगेच त्याने मान हलवली. "पण वरचा थर ताजा आहे म्हणता. बाबा गेल्यापासून आईने कुंकवाच्या करंड्याला हात लावलेला नाही. शेजारच्या हळदीकुंकवालाही ती गेली नाही."

ते खरं होतं. संक्रांतीच्या दिवशी मी स्वतः भामाबाईंना, त्याच्या आईला, त्यांच्या दारात एकट्या उभ्या राहिलेलं पाहिलं होतं. मीही मनातल्या मनात त्यांचं नाव वगळलं. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकच नियम बसलेला असतो आणि तो किती खोल बसलाय ते कळत नाही.

संशय घ्यायला आता कुणीच उरलं नव्हतं. आणि तरी हळद ताजी होती.

६

सरस्वती चहा घेऊन आली. तिच्या मनात दुसरंच चाललं होतं.

"सासूबाईंना हे कसं सांगायचं? आधीच त्या कुणाशी बोलत नाहीत. हे चित्र विकू नको, एवढंच त्या यांना म्हणाल्या होत्या. का, ते सांगितलं नाही. त्यांचं सगळं असंच. बाबा गेले त्या दिवशी मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या, जोडवी काढली, एका शब्दाने हूं केलं नाही. पण बायका गळ्यातला काळा दोरा काढायला गेल्या तर हात धरला त्यांचा. म्हणाल्या, हा माझ्या नवऱ्याचा न्हाई."

माझा कप हातात तसाच राहिला.

"त्या दोऱ्यात काय आहे?"

"टाक आहे चांदीचा. छोटा, बाईच्या आकाराचा."

हा रिवाज आमच्याकडच्या जुन्या माणसांना माहीत असतो. पहिली बायको वारली की दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा टाक घालतात. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. हळदकुंकू आधी टाकाला, मग स्वतःला. मेलेल्या सवतीचा मान तेवढा राखायचा.

"उत्तरेश्वर, हा टाक कुणाचा?"

"थोरल्या आईचा. दगडाबाई. बाबांची पहिली बायको. बहात्तरच्या दुष्काळात तापाने गेली म्हणतात. मग आजोबांनी आईला करून आणलं."

"तिचा फोटो आहे?"

"नाही, एकही..." तो बोलता बोलता थांबला. तसबिरी मढवणाऱ्यांच्या घरात, जिथे गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाची तसबीर तयार होते, तिथे घरच्या सुनेची एकही तसबीर नव्हती. त्याने हे आयुष्यभर ऐकलं होतं. आज पहिल्यांदा त्याला ते ऐकू आलं.

"तसबीर आहे," मी म्हणाले. "फक्त तिच्यावर नाव नाही. तैलचित्राला तुझ्या वडिलांनी काच लावली ती धुळीसाठी नव्हे. तुझ्या आईला हळदकुंकू लावता यावं आणि रंग खराब होऊ नये म्हणून लावली. त्यांना माहीत होतं. शेवटच्या निरोपाला कपाळावर एकदाच मळवट भरला की संपलं असं हे नव्हतं. हे रोजचं होतं."

"पण आई आता... तिला तर..."

"तुझी आई विधवा आहे. दगडाबाई नाही. ती सवाष्ण गेली. तिचं कुंकू थांबवायचं कारण काय?"

तो खाली बसला.

"चुका नीट काढल्या म्हणून तू आश्रुबांवर संशय घेतलास," मी पुढे म्हणाले. "चाळीस वर्षं या घरात राहिलेल्या बाईला चौकट उघडता येत नसेल का? आणि चौकट, काच दोन्ही भिंतीकडे तोंड करून ठेवलीत. चोर तेवढं करत नाही. चेहरा नसलेली चौकट कुणाला दिसू नये असं ज्याला वाटतं तो करतो."

दारात आश्रुबा उभे होते. ते कधी आले ते कुणालाच कळलं नव्हतं.

"नेकनूरच्या गाडीत बसल्या वहिनी," ते म्हणाले. "गोधडीत गुंडाळलेलं होतं काखेत. मी रांगेतून बघितलं. वहिनींनीबी मला बघितलं."

"काका, मग तुम्ही बोलला का नाही?"

"त्यांनी कुणाला सांगितलं न्हाई, मी कावून सांगू? सुग्रीवम्होरं म्हणलो असतो, चोर ह्याचीच आई हाय, तर बरं दिसलं असतं का?"

"नेकनूरला कोण आहे?" मी विचारलं.

"दगडावहिनीचं माहेर."

उत्तरेश्वर उठून त्यांच्याजवळ गेला. "काका, मी तुम्हाला..."

"चला लवकर," आश्रुबा म्हणाले. "ऊन चढलंय. रंग तडकंल. गाडी काढा, मालक."

आजवर ते त्याला उत्तरबाळ म्हणत आले होते.

७

दगडाबाईंचे भाऊ शहादेव घरी नव्हते. नेकनूरच्या अलीकडे एका दूध संघाने चारा छावणी उघडली होती. जनावरांबरोबर ते तिथेच राहत होते. हिरव्या जाळीखाली गुरांच्या रांगा होत्या. वाळलेल्या उसाच्या वाढ्यांचा आणि शेणाचा वास येत होता. रांगेच्या टोकाला, बैलांच्या पलीकडे, भामाबाई बसलेल्या दिसल्या. समोर शहादेव. दोघांच्या मधे कडब्याच्या पेंढीला टेकवून चित्र ठेवलेलं होतं आणि शहादेव त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

आम्हाला बघून भामाबाई उठल्या. पकडलं गेल्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. त्यांनी आश्रुबांकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

"भावजी, तुमच्यावर घेतलं का?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई, वहिनी. झालं गेलं."

"आई, एकदा सांगायचं होतं," उत्तरेश्वर म्हणाला.

"तुज्या बापानं शपथ घातलती. आता शपथ घालणाराच न्हाई." त्या पुन्हा खाली बसल्या. "तुजा आज्जा लई मानी होता. दुकान बसलं तरी कुणाच्या कामाला जायचा न्हाई. म्हणून ती गेली. तुजा बापबी गेलता, पर त्याला चार दिसांत ऊन लागलं, तो माघारी आला. ती राह्यली. फोटोवाल्याची सून खडी फोडती, हे पेठेत कळू न्हाई म्हणून सासऱ्यानं सांगितलं, माहेराला गेलीय. कामावर सुकडी मिळायची खायाला. अर्धी हिकडं घरी पाठवायची. मग ताप आला. तुजा बाप आणाया गेला तवा अशी होती ती." त्यांनी चित्राकडे बोट केलं, मान मात्र वळवली नाही. "बक्षीस देणाऱ्यांनी इचारलं, कोण बाई? शेजारी सासरा उभा. हे म्हणले, ओळखीची न्हाई. एकदा म्हणले ते म्हणले. म्होरं त्याचंच कौतुक व्हायला लागलं. सभेत तसं बोलून आले की घरी जेवायचे न्हाईत त्या दिशी."

बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"कारखान्यात तिला कोण हळदकुंकू लावंल?" भामाबाई म्हणाल्या. "चहा पिणाऱ्यांची वर्दळ तिथं. म्हणलं माहेरी आणून सोडावी. तर भाऊ म्हणत्यात, ही आमची न्हाईच."

शहादेव पहिल्यांदाच बोलले. त्यांचा आवाज घोगरा होता.

"न्हाईच म्हणलो. दोनदा म्हणलो. मग हनवटीचं गोंदण बघितलं. आमच्याच आईनं गोंदवून घेतलेलं हाय ते, गावच्या येशीत. आमाला सांगावा आलता, एका रातीत तापानं गेली. आमी म्हणलं, बरं झालं, हाल न्हाई झाले. चाळीस वर्सं मी तेच म्हणत आलो, लोकांना. हाल न्हाई झाले."

फोन वाजला. सुग्रीव होते. उत्तरेश्वर थोडा बाजूला गेला, पण त्याचं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. "चित्र सापडलं. चोरी झालीच नव्हती. आश्रुबाकाकांचं नाव कुणी घ्यायचं नाही, मीच चुकलो असं सगळ्यांना सांगा. नाही, विकायचं नाही. दुसऱ्या कुणालाही नाही." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. त्याने मधेच फोन बंद केला.

"मामा," तो शहादेवांपुढे बसत म्हणाला. "चित्र तुमचं आहे. ठेवून घ्या."

"नगं. घरात ही लावली तर भाकर घशाखाली उतरायची न्हाई कुणाच्या." शहादेवांनी डोक्याचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. "एक इचारू का? आमच्या गावात घरोघरी तुमच्या दुकानातले फोटू हायेत, मेलेल्या माणसांचे. माज्या चुलत्याला दात न्हवते, तुज्या बापानं फोटूत दात काढून दिलते. कुणाला कोट घातला, कुणाचे गाल भरून दिले. गरिबाला गरीब ठेवला न्हाई त्यानं कवा. मग हिलाच कावून असं ठेवलं?"

हळदीचं, काचेचं, चुकांचं कोडं मला सुटलं होतं. हे सुटण्यातलं नव्हतं. कदाचित एका तरी चित्रात त्या माणसाला खोटं रंगवायचं नव्हतं.

"हे मी बदलणार नाही, मामा," शेवटी उत्तरेश्वर म्हणाला. "पण दुसरं काढतो. तुमच्यासाठी. लहानपणी कशी होती ते सांगा."

त्याच्याजवळ कागद नव्हता. आश्रुबांनी गाडीतून चित्राच्या पाठीला लावायला आणलेला पुठ्ठा काढला, खिशातली चौकटी आखायची पेन्सिल त्याच्यापुढे धरली. उत्तरेश्वरने ती घेताना त्यांच्या हाताला हात लावला. आश्रुबांनी हात काढून घेतला नाही.

"तोंड गोल होतं," शहादेव सांगू लागले. "आईवाणी. केस लई. तेल लावलं तरी बसायचे न्हाईत. कान जरा म्होरं आलेले, आमी चिडवायचो तिला."

पुठ्ठ्यावर रेघा उमटू लागल्या. चुकल्या की शहादेव "न्हाई, न्हाई" म्हणत आणि स्वतःच्याच गालावर बोट फिरवून दाखवत. मधे त्यांनी मान वळवून त्या चित्राकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि पुन्हा सांगायला लागले.

भामाबाई हळूहळू सरकत जवळ आल्या होत्या. त्यांनी एकच चेहरा पाहिला होता. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून रोज सकाळी तोच. त्या आता पुठ्ठ्यावर वाकल्या, पदर सावरला.

"भाऊ," त्यांनी विचारलं. "हसायची का ती?"

शहादेवांनी पेन्सिल धरलेला उत्तरेश्वरचा हात थांबवला.

"लई," ते म्हणाले.